स्टेपनीची जागा

'स्टेपनी' हा शब्द आपल्या बोलण्यात इतका मुरला आहे की तो मूळचा एका रस्त्याचा आहे, हे सांगूनही पटत नाही. वेल्समधील लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट आहे. तेथे डेव्हिस बंधूंनी 1904 मध्ये राखीव चाकाचा धंदा सुरू केला. त्या काळच्या बहुतेक मोटारींना जादा चाक नसे. पंक्चर झाले की रस्त्याच्या कडेला बसून टायर उचकटायचा, ट्यूबला ठिगळ लावायचे आणि हातपंपाने हवा भरायची. डेव्हिस बंधूंचे चाक म्हणजे नुसती रिम व तिच्यावर हवा भरलेला टायर. आरेही नाहीत आणि तुंबाही नाही. बसलेल्या चाकाच्या बगलेला ते पकडींनी आवळायचे आणि गाडी पुढे काढायची. पुढे सहज निघणारी चाके आली, आख्खे चाकच सोबत नेता येऊ लागले आणि हा शोध मागे पडला. शब्द मात्र आपल्याकडे राहिला. ब्राझीलमध्येही राखीव चाकाला 'एस्टेपे' म्हणतात.

आमच्या नगर जिल्ह्याला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, हा विषय परका नाही. सरकारी एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून धावली, ती नगरलाच. शहरातील रणगाडा संग्रहालय आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने फेब्रुवारी 1994 मध्ये उभारले. तेथे रोल्स-रॉईसची जुनी चिलखती मोटार आहे. आलिशान 'सिल्व्हर घोस्ट'च्या सांगाड्यावर पोलादी पत्रे चढवून अशा मोटारी 1914 पासून युद्धात उतरल्या.  रणगाड्याच्या अंगावर साखळीपट्ट्याचे जादा दुवे बांधलेले असतात. पट्टा रणांगणातच तुटणार, हे गृहीत धरून केलेली ही सोय आहे. राखीव वस्तूला ठरलेली जागा हवी, हा धडा साध्या मोटारीलाही लागू आहे.

मोटारीत ही जागा सारखी बदलत गेली. आरंभी स्टेपनी बाजूच्या पायरीवर किंवा पुढच्या मडगार्डवर मिरवत असे. युद्धकाळातल्या विलीज जीपने ती पाठीवर घेतली. बंद डिकी आली तशी ती आत गेली आणि पुढे कित्येक गाड्यांत डिकीच्या तळाखाली गडप झाली. बाहेर असताना तिला ऊन आणि चोर यांचे भय होते. आत गेल्यावर ओल आणि विस्मरण हे नवे शत्रू मिळाले.

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांना मी हौसेने जातो. रंग नवा, क्रोम लखलखीत. पण डिकी उघडली की स्टेपनीच्या जागी कधी स्पीकरचा खोका दिसतो, तर कधी मोकळा खड्डा. जॅक कापडात गुंडाळून कोपऱ्यात टाकलेला असतो. जॅकची मूळ पकड आणि स्टेपनीचा बोल्ट भंगारात गेला, तर त्या काळचा प्रवास कसा होता याचा पुरावाच गेला. धोका तर आहेच. जोराचा ब्रेक लागला की सुटा जॅक उडतो. तो कोणाच्या डोक्यात बसेल याचा नेम नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी. स्टेपनी तिच्याच बोल्टने आवळावी. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवला तर चाक न काढता हवा तपासता येते. हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त भरावी. जास्तीची काढता येते, पण रस्त्यात भरायला पंप नसतो. खड्ड्यातील पाणी निथळण्याचे भोक बुजू देऊ नये. पेट्रोल व ग्रीस रबरापासून दूर ठेवावे. पेचाच्या जॅकला वंगण द्यावे आणि पकडीत ठेवताना थोडा उघडून घट्ट बसवावा. तेलाचा बाटलीजॅक उभाच ठेवावा. आडवा ठेवला तर तेल गळू शकते. नक्षी शाबूत म्हणून टायर चांगला, असे समजू नये. न वापरताही रबर कडक होते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 1219 म्हणजे 2019 सालचा बारावा आठवडा.

2020 मध्ये केंद्र सरकारने नियम बदलले. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनीची सक्ती उरली नाही. नव्या गाड्यांना ते शोभेल. ट्यूबच्या टायरवर चालणाऱ्या जुन्या गाडीला मात्र स्टेपनीवाचून गत्यंतर नाही. तेव्हा आज सुटीचा दिवस आहे, तर गाडी पुसण्याआधी डिकी उघडा. स्टेपनी हाताने दाबून बघा, जॅक एकदा वरखाली करा आणि दोन्ही वस्तू आपापल्या जागी घट्ट बसवा.