वातरक्त आणि वालाचा दोष

वातरक्ताला चरकसंहितेत 'आढ्यवात' असेही नाव आहे. आढ्य म्हणजे धनवान. परंतु चिकित्सास्थानाच्या २९व्या अध्यायातील कारणांची यादी महाड तालुक्यातील वीरसारख्या गावी बसून वाचली, तर हा रोग केवळ धनवानांचा राहत नाही. कुळीथ, पावट्याच्या जातीचे धान्य, जलचरांचे व सुकवलेले मांस, मद्य. यांतील बरेचसे कोकणातल्या साध्या ताटातलेच! पथ्यात मात्र जुना तांदूळ, मूग, मसूर, तूर आणि दूध येते.

वातरक्त आणि आजचा गाउट तंतोतंत एक नव्हेत. तरी साम्य मोठे आहे. १८४८ मध्ये आल्फ्रेड गॅरॉड यांनी गाउटच्या रुग्णांच्या रक्तात यूरिक आम्ल वाढलेले दाखवले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ४७,१५० पुरुषांच्या बारा वर्षांच्या अमेरिकी अभ्यासात मांस व मासळीने धोका वाढलेला आढळला, दुग्धजन्य पदार्थांनी घटलेला. डाळी-शेंगांसह प्यूरिनयुक्त भाज्यांनी मात्र तो वाढला नाही. मद्याचा, विशेषतः बिअरचा, दोषही त्याच वर्षी पुढे आला.

म्हणजे मद्य, मासळी आणि दूध यांबाबत जुनी यादी टिकली, कुळीथ-वालाबाबत नाही. ज्याच्या घरी प्रथिनांचा आधारच कडधान्य आहे, त्याने वाल वर्ज्य करून सुकट व दारू चालू ठेवली, तर ते पथ्य नव्हे, नुकसान होय. शिवाय निव्वळ पथ्याने यूरिक आम्ल थोडेच उतरते. सांधा वारंवार सुजत असेल, तर वैद्यकीय उपचार हवेतच. अन्यथा सांध्याची झीज पथ्याच्या आड निमूट चालू राहते.