क्रीडांगणावरील प्राध्यापक

व्यायाम हा शिक्षणाचा भाग आहे हें तत्त्व बहुतेक विद्यापीठें मान्य करतात; पण व्यायाम शिकविणाऱ्यास प्राध्यापकाचें आसन देण्यास फारशीं धजत नाहींत. अमेरिकेंतील शिकागो विद्यापीठानें हें धाडस १८९२ सालींच केलें. त्याचें फळ काय झालें, हें पाहण्यासारखें आहे.

अमॉस अलोन्झो स्टॅग यांचा जन्म १८६२ सालीं न्यू जर्सी प्रांतांत गरीब कुटुंबांत झाला. धर्मोपदेशक व्हावें या इच्छेनें ते येल विद्यापीठांत गेले. बेसबॉलमध्यें नांव झाल्यावर धंदेवाईक संघांकडून त्यांना बोलावणीं आलीं, तीं त्यांनीं नाकारलीं. पुढें वक्तृत्व आपल्याला साधत नाहीं हें ओळखून त्यांनीं धर्मपीठाऐवजीं क्रीडांगण पत्करलें. येलमधील त्यांचे गुरु विल्यम हार्पर नव्या शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, तेव्हां त्यांनीं स्टॅग यांस सहयोगी प्राध्यापकाचा दर्जा देऊन शारीरिक शिक्षणाचे प्रमुख नेमलें.

यामागील विचार उदात्त होता. शिक्षकाची भाकरी सामन्याच्या निकालावर अवलंबून नसली, म्हणजे तो विजयापेक्षां चारित्र्याकडे अधिक पाहील. स्टॅग यांनीं स्वतःपुरती ही अपेक्षा बव्हंशीं पुरी केली. मद्य, तंबाखू व शिवीगाळ त्यांना वर्ज्य होती. परंतु अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलला हजारों प्रेक्षक लोटूं लागले. १९०५ सालीं शिकागोनें मिशिगनला २–० असें हरवून त्या संघाची ५६ सामन्यांची अपराजित परंपरा खंडित केली. तिकिटांचें उत्पन्न वाढलें, विद्यापीठाचें नांव वर्तमानपत्रांत गाजलें, आणि शिक्षणासाठीं आणलेला खेळ जाहिरातीचें साधन बनला. ज्या स्थैर्यानें शिक्षकास निर्भय करावयाचें, त्याच्याच आश्रयाखालीं हा तमाशा फोफावला.

चाळीस वर्षांच्या सेवेनंतर, सत्तरी गाठल्यामुळें, १९३२ अखेर स्टॅग यांस शिकागो सोडावें लागलें. १९३३ पासून १९४६ पर्यंत त्यांनीं कॅलिफोर्नियांतील पॅसिफिक महाविद्यालयांत शिकविलें. १०२ वर्षांचें आयुष्य भोगून १९६५ सालीं ते निवर्तले. इकडे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या कारकीर्दींत शिकागोनें १९३९ सालीं आंतरविद्यापीठीय फुटबॉलच बंद केला. स्टॅग यांचें नांव दिलेल्या मैदानाच्या ओस पडलेल्या प्रेक्षागाराखालीं, १९४२ च्या २ डिसेंबरला, फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पहिली स्वयंपोषित अणुसाखळी घडविली.

हार्पर यांचा हेतु चुकला असें मला वाटत नाहीं. शिक्षकास मान व स्थैर्य देणें योग्यच होतें. पण तेवढ्यानें काम संपत नाहीं. खेळाचें मोल गर्दीवरून न ठरविण्याचा निग्रह संस्थेनेंही पाळावयास हवा. तो सुटला, कीं एकट्या सज्जन शिक्षकाच्या हातीं फारसें कांहीं उरत नाहीं.