तीव्र पोटदुखी : तपासणीच्या निवडीचा इतिहास

अचानक उठणाऱ्या तीव्र पोटदुखीची कारणे अनेक असतात. अपेंडिक्सचा दाह, पित्ताशयातील खडे, मुतखडा, जठराला किंवा आतड्याला पडलेले छिद्र, आतड्यातील अडथळा, स्वादुपिंडाचा दाह, गर्भनलिकेतील गर्भ अशी ही यादी लांबत जाते. यांतील काही दुखणी औषधाने शमतात, तर काहींत काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर जीव जातो. हा भेद शस्त्रक्रियेपूर्वी कसा ओळखायचा, हा वैद्यकापुढचा जुना प्रश्न आहे. पोटाच्या आत पाहण्याची साधने गेल्या सव्वाशे वर्षांत एकामागून एक आली. प्रत्येक नव्या साधनाबरोबर कोणत्या रुग्णाची कोणती तपासणी आधी करायची, हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होत गेला.

यंत्रे नव्हती तेव्हा निदान हाताच्या बोटांवर अवलंबून होते. अपेंडिक्सचा दाह हे उजव्या बाजूच्या पोटदुखीचे नेहमीचे मूळ असते, हे बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी 1886 मध्ये मांडले. 1889 मध्ये न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक चार्ल्स मॅकबर्नी यांनी पोटावर दाबल्यास सर्वाधिक दुखणारी नेमकी जागा दाखवून दिली. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. जून 1902 मध्ये इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याच्या राज्याभिषेकाला दोनच दिवस उरले असताना फ्रेडरिक ट्रेव्ह्ज यांनी त्याच्या पोटातील गळू फोडून पू काढला आणि समारंभ ऑगस्टपर्यंत लांबला. या घटनेमुळे पोटाच्या तातडीच्या शस्त्रक्रियेची चर्चा घरोघरी पोचली. झॅकरी कोप यांनी 1921 मध्ये लिहिलेले तीव्र पोटदुखीच्या निदानावरचे पुस्तक विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वाचले. एरवी धडधाकट असलेल्या माणसाचे पोट सहा तास जोरात दुखत राहिले, तर शस्त्रक्रियेची शक्यता धरून चालावे, ही त्यांची शिकवण होती. शंका आली की पोट उघडायचे, अशी त्या काळची रीत होती. काढलेल्या दर शंभर अपेंडिक्सांपैकी पंधरा-वीस निरोगी निघाले तरी ते चालण्यासारखे मानले जाई, कारण वाट पाहण्यात धोका अधिक होता.

विल्हेल्म रोंटगेन यांना 1895 मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. हाडांसाठी ते लगेच उपयोगी पडले, पोटासाठी मात्र त्यांची मर्यादा पहिल्यापासून जाणवली. यकृत, आतडी, स्वादुपिंड या मऊ अवयवांची घनता जवळजवळ सारखीच असल्याने साध्या फिल्मवर ते वेगळे उठून दिसत नाहीत. वायू काळा आणि कॅल्शियम पांढरे दिसते, एवढ्यावरच निदान करावे लागे. तरीही दोन बाबतींत एक्स-रे मोलाचा ठरला. रुग्णाला उभे करून किंवा बसवून घेतलेल्या फिल्मवर श्वासपटलाखाली वायूची काळी कोर दिसली, तर जठर किंवा आतडे फुटल्याचे कळते. आतड्यांची फुगलेली वेटोळी आणि त्यांत वायू व द्रव यांच्या आडव्या पातळ्या दिसल्या, तर अडथळ्याचा अंदाज येतो. पण छिद्र पडलेल्या प्रत्येक रुग्णात वायू दिसत नाही, आणि पित्ताशयातील बहुतेक खडे साध्या एक्स-रेत दिसत नाहीत.

ही उणीव भरून काढण्यासाठी अवयवांत दिसण्याजोगा पदार्थ भरण्याची युक्ती निघाली. म्युनिकमध्ये हेरमान रीडर यांनी 1904 च्या सुमारास बिस्मथ मिसळलेले अन्न देऊन जठराची चित्रे घेतली. पुढे बिस्मथची जागा बेरियम सल्फेटने घेतली. 1924 मध्ये सेंट लुईस येथील एव्हार्ट्स ग्रॅहम आणि वॉरन कोल यांनी पित्ताशय दाखवणारे रसायन शोधले. तातडीच्या वेळी मात्र या पद्धती कमी पडत. पित्ताशयात रसायन साठायला तासन्‌तास लागत, आणि फुटलेल्या आतड्यातून बेरियम पोटाच्या पोकळीत सांडले तर नवाच अपाय होई.

पुढचे साधन आले ते कारखान्यातून. धातूतील भेगा शोधणारे ध्वनियंत्र माणसाच्या पोटातही काही दाखवील का, हे पाहण्यासाठी ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनल्ड 1955 मध्ये काढलेल्या गाठी घेऊन बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले. जॉन मॅकव्हिकर आणि अभियंता टॉम ब्राऊन यांच्यासह त्यांनी 1958 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पोटातील गाठींवरचा निबंध प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेपलीकडचा कर्करोग समजल्या गेलेल्या एका बाईच्या पोटात प्रत्यक्षात काढता येण्याजोगी बीजाशयाची गाठ निघाली, आणि या पद्धतीवरचा विश्वास वाढला. 1970 च्या दशकात हलते चित्र दाखवणारी यंत्रे आली आणि पित्ताशयासाठी सोनोग्राफी हीच पहिली तपासणी झाली. 1986 मध्ये नेदरलँड्सच्या ज्युलियन पुइलार्ट यांनी यंत्राचा प्रोब पोटावर हळूहळू दाबत जाण्याची पद्धत सांगितली. दाबाने मधला वायू बाजूला सरतो, निरोगी आतडे चपटे होते आणि सुजलेले अपेंडिक्स मात्र दबत नाही.

महाराष्ट्रात सोनोग्राफीला कायद्याचीही बाजू आहे. गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा या राज्याने 1988 मध्ये केला आणि 1994 मध्ये केंद्राचा कायदा झाला. त्यामुळे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी आणि गर्भवतीच्या तपासणीची लेखी नोंद बंधनकारक आहे. पोटदुखीसाठी आलेली गर्भवतीही त्याला अपवाद नाही.

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनरवर पहिल्या रुग्णाची तपासणी 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमधील विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात झाली. ती मेंदूची होती. एकेका छेदाला काही मिनिटे लागत असल्याने श्वासागणिक हलणाऱ्या पोटासाठी हे यंत्र निरुपयोगी होते. 1989 मध्ये सर्पिल सीटी आणि 1998 मध्ये एका फेरीत चार छेद घेणारी यंत्रे आली, तेव्हा एका श्वासात सबंध पोट पाहता येऊ लागले. त्याच वर्षी बॉस्टनच्या रुग्णालयात अपेंडिक्सची शंका असलेल्या 100 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात सीटीचे निदान 98 टक्के अचूक ठरले, 59 जणांचे उपचार बदलले आणि 13 जणांची अनावश्यक शस्त्रक्रिया टळली.

यानंतर सीटीचा वापर झपाट्याने वाढला आणि किरणोत्साराची चिंताही वाढली. पोटातील गर्भाला क्ष-किरणांचा अपाय होतो, हे अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी 1950 च्या दशकातच दाखवले होते. पोटाच्या एका सीटीत रुग्णाला साधारण 8 ते 10 मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. निसर्गातून वर्षभरात मिळणारी मात्रा सरासरी 2 ते 3 असते. एका रुग्णापुरता हा धोका लहान असला, तरी लाखो तपासण्यांच्या हिशेबात तो दुर्लक्षिता येत नाही, असा इशारा 2007 मध्ये डेव्हिड ब्रेनर आणि एरिक हॉल यांनी दिला.

यामुळे तपासणीची निवड हाच स्वतंत्र संशोधनाचा विषय झाला. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने 1993 पासून लक्षणांनुसार योग्य तपासणीचे निकष तयार करायला घेतले. नेदरलँड्समध्ये तीव्र पोटदुखीच्या 1,021 रुग्णांवर झालेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. तातडीचे आजार ओळखण्यात सोनोग्राफीची संवेदनक्षमता 70 टक्के, तर सीटीची 89 टक्के निघाली. पण आधी सोनोग्राफी आणि तिच्यात काही न सापडल्यास किंवा निष्कर्ष न निघाल्यासच सीटी, असा क्रम लावल्यास तातडीचे केवळ 6 टक्के आजार निसटतात आणि जेमतेम निम्म्या रुग्णांनाच सीटीची गरज पडते, असे दिसले. साध्या एक्स-रेने मात्र निदानाच्या अचूकतेत फारशी भर पडली नाही.

आजची रीत याच अनुभवातून घडली आहे. उजव्या बरगड्यांखाली दुखत असेल आणि पित्ताशयाची शंका असेल, तर सोनोग्राफी पहिली. प्रौढांच्या पोटात खाली, उजवीकडे किंवा डावीकडे दुखत असेल, तर बहुधा शिरेतून औषध देऊन सीटी. मुतखड्यासाठी औषधाविना सीटी पुरतो. आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका असल्यास रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी विनाविलंब करावा लागतो. स्वादुपिंडाचा दाह बहुधा रक्ततपासणीतच कळतो. तेथे सोनोग्राफी खडे शोधण्यासाठी असते. गर्भधारणेच्या वयातील स्त्रीची गर्भचाचणी आधी होते. मुले आणि गर्भवती यांच्यासाठी सोनोग्राफी आणि तिने न भागल्यास एमआरआय हा क्रम असतो. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला मात्र सीटीच्या खोलीत नेण्याआधी खाटेवरच सोनोग्राफी करतात आणि गरज पडल्यास थेट शस्त्रक्रियागृहात हलवतात. या सर्व निवडींचा आधार दुखण्याची जागा, रुग्णाचे वय आणि पोटाची हाताने केलेली तपासणी हाच असल्याने फिट्झ आणि मॅकबर्नी यांच्या काळातील ती पहिली पायरी अद्याप गळलेली नाही.