अणुविजेचें मोल



सोनाळा हें आमचें गांव सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें आहे. माझ्या लहानपणीं घरीं रॉकेलची चिमणी असे, आणि महिन्याला किती बाटल्या रॉकेल लागलें याचा हिशेब आई भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून ठेवी. उजेडाला दाम पडतो हें मी शाळेंत जाण्यापूर्वींच शिकलों. पुढें वीज आली आणि रेघांची जागा बिलानें घेतली. अणुशक्तीची वीज इतर विजेहून स्वस्त कीं महाग, या वादाचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

सन १९५४ मध्यें अमेरिकेच्या अणुशक्ति आयोगाचे अध्यक्ष लुइस स्ट्रॉस यांनीं भाकीत केलें कीं, पुढील पिढीस वीज इतकी स्वस्त मिळेल कीं ती मापण्याचें कारणच उरणार नाहीं. आमचे डॉ. होमी भाभा अधिक हिशेबी होते. कोळशाच्या खाणींपासून जो प्रदेश फार दूर, तेथें कोळसा वाहून नेण्याचें भाडेंच इतकें पडतें कीं अणुवीज त्याच्या बरोबरीस येते, असें त्यांचें म्हणणें. कोळसा बिहार-बंगालकडे आणि गिरण्या मुंबई-अहमदाबादेस. म्हणून या दोहोंच्या मधलें तारापूर निवडण्यांत आलें. १९६३ सालीं अमेरिकेशीं करार झाला, जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें दोन भट्ट्या उभारल्या, आणि १९६९ च्या ऑक्टोबरांत तारापूर रीतसर चालूं झालें. भाभा १९६६ सालींच विमान-अपघातांत निवर्तले. तो दिवस पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

आतां खर्चाचें मर्म पाहूं. अणुवीज म्हणजे कर्ज काढून बांधलेली विहीर. पाणी ओढण्यास फारसें लागत नाहीं. खरा भार बांधकामाचा आणि त्यावरील व्याजाचा. कोळशाची वीज म्हणजे रोज पाणक्याला पैसे मोजणें. आमच्या वऱ्हाडांत पारस येथें १९६१ पासून कोळशाची वीज होत आली आहे. तेथें वाघिणींमागून वाघिणी रिकाम्या कराव्या लागतात, आणि रेल्वेचें भाडें वाढलें कीं विजेचें मोलही चढतें. तारापूरच्या विहिरीस अमेरिकेनें सुमारें आठ कोटि डॉलरांचें कर्ज नाममात्र व्याजानें दिलें होतें. म्हणूनच या शतकाच्या आरंभींही तेथील वीज युनिटमागें रुपयाच्या आसपास पडे. तारापूरचा दाखला देणारे पुष्कळ लोक हें व्याज मात्र विसरतात!

शिवाय त्या स्वस्ताईस दुसरी बाजू आहे. १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर अमेरिकेनें इंधन देण्यास काचकूच चालविली आणि अखेर हात आखडला. मग फ्रान्सकडे जावें लागलें. प्रत्येक भट्टीची शक्ति २१० मेगावॅटांवरून १६० वर आणावी लागली. जळून झालेलें इंधन अमेरिकेनें परतही नेलें नाहीं. तें तारापुरासच सांठत राहिलें. त्याची राखण बिलांत कितीशी उतरली?

हाच प्रश्न पाण्याच्या विजेसही विचारला पाहिजे. टाटांनीं १९१५ सालीं खोपोलीस वीज निर्माण केली, कोयना १९६२ सालीं चालूं झाली, आणि पाऊस फुकट असल्यामुळें ही वीज सर्वांत स्वस्त म्हणून नांवाजली. परंतु मुळशीच्या मावळ्यांनीं १९२१ सालीं सेनापति बापटांच्या मागें उभें राहून सत्याग्रह केला, तो आपल्या जमिनींसाठीं. त्यांचीं भातखाचरें बुडालीं, आणि तें मोल कोणत्याही दरपत्रकांत नाहीं.

अलीकडे सूर्यानें सारा हिशेब पालटला. १९५४ सालीं ज्याची कोणास कल्पना नव्हती, तें २०२० च्या डिसेंबरांत घडलें: गुजरातच्या लिलावांत सौर विजेची बोली युनिटमागें दोन रुपयांच्याही खालीं गेली. उलट फ्रान्समध्यें फ्लामान्व्हिल येथील अणुभट्टी २००७ सालीं ३३० कोटि युरोंच्या अंदाजानें आरंभिली, ती डिसेंबर २०२४ मध्यें वीज देऊं लागली तोंवर खर्च १,३२० कोटींवर पोंचला होता. जैतापुरासाठीं ठरविलेल्या सहा भट्ट्या याच जातीच्या.

तरी सूर्य सायंकाळीं मावळतो, आणि मुंबईच्या लोकल गाड्या तेव्हांच खच्चून भरलेल्या असतात. त्यांना रात्रीं वीज देणाराचा दर निराळा धरावा लागेल. आमच्याकडील शेतकऱ्याची गोष्ट उलटी. त्याच्या पंपास वर्षानुवर्षें रात्रपाळीची वीज मिळत आली. हातांत कंदील, पायाखालीं विंचू-काटा, अशा स्थितींत त्यानें हरभरा भिजविला. दुपारीं बारा वाजतां येणारी वीज त्याला किती मोलाची, हें त्यालाच विचारावें.