तलवारबाजी : खेळाडूच्या शरीरावरील ताण

तलवारबाजी हा फॉइल, इपी आणि सेबर या तीन शस्त्रांनी खेळला जाणारा क्रीडाप्रकार. १८९६ पासून प्रत्येक उन्हाळी ऑलिंपिकमध्ये तो खेळला गेला आहे. बघणाऱ्याची नजर पात्यावर असते, भार मात्र पायांवर पडतो. फॉइल आणि सेबर ५०० ग्रॅमच्या आत, इपी ७७० ग्रॅमच्या आत. एवढे वजन शाळकरी मूलही उचलते. अवघड असते ते गुडघे वाकवून, कंबर खाली ठेवून १४ मीटर लांबीच्या पट्टीवर सतत पुढे-मागे सरकत राहणे आणि समोरच्याची चूक दिसताच झेप घेणे.

गटसाखळीतील लढत ५ गुणांची, जास्तीत जास्त ३ मिनिटांची असते. बाद फेरीत १५ गुणांसाठी ३ मिनिटांचे तीन डाव असतात आणि दोन डावांमध्ये एक मिनिट विश्रांती मिळते. सेबरची गती इतकी प्रचंड की तिथे एका खेळाडूचे ८ गुण होताच विश्रांती दिली जाते. इटलीतील संशोधक रोई आणि बियांकेदी यांनी २००८ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा दिवस ९ ते ११ तासांचा असतो, पण त्यात प्रत्यक्ष लढण्याची वेळ १७ ते ४८ मिनिटेच भरते. उरलेल्या वेळात अंग थंड पडते आणि प्रत्येक लढतीआधी ते पुन्हा गरम करावे लागते. काही सेकंदांच्या चढाईला स्नायूंत साठलेली ऊर्जा पुरते. पुढच्या चढाईआधी तो साठा भरून यायला मात्र हृदय-फुप्फुसांचा दम लागतो. म्हणून तलवारबाजाला कमी अंतराच्या धावपटूची स्फोटक ताकदही हवी आणि लांब पल्ल्याची चिकाटीही.

लंज ही या खेळाची मूळ झेप. मागचा पाय जमीन रेटतो, पुढचा पाय हवेत जाऊन टाचेवर उतरतो आणि सगळ्या शरीराचा वेग पुढच्या मांडीला रोखावा लागतो. हा गुडघा पावलाच्या रेषेतून आत झुकला, की सांध्यावर तिरका ताण येतो. मागच्या पायाच्या जांघेतील स्नायू दर झेपेला ताणले जातात. घोटा, पोटरी आणि टाचेची शीरही त्यातून सुटत नाही. सराव कडक फरशीवर होत असेल, तर प्रत्येक उतरणीचा धक्का वाढतो.

अमेरिकेतील राष्ट्रीय स्पर्धांची पाच वर्षे नोंद ठेवून पीटर हार्मर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. खेळ थांबवावा लागेल अशा दुखापतींचे प्रमाण त्यात अत्यल्प, दर हजार सहभागांमागे सुमारे ०.३ आढळले. पात्याच्या जखमा त्याहून विरळ. निम्म्याच्या आसपास दुखापती मुरगळण्याच्या आणि स्नायू ताणल्याच्या होत्या, त्यांत गुडघा सर्वांत पुढे होता आणि सेबरपटूंना धोका अधिक होता. महाराष्ट्राने ही गोष्ट मनावर घ्यायला हवी. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र असलेल्या छत्रपती संभाजीनगरातून पुढे आलेले कशिश भराड, वैदेही लोहिया आणि अभय शिंदे हे तिघेही सेबरचेच खेळाडू.

दुसरा प्रश्न एकांगी वाढीचा. वर्षानुवर्षे तोच हात आणि तोच पाय पुढे राहिल्याने शस्त्राच्या हाताचा पुढचा भाग आणि पुढची मांडी जाड होते. कंबर आणि पाठ सतत पीळ घेऊन उभी राहते. मराठी मर्दानी खेळाशी तुलना केली, की हा फरक चटकन कळतो. दांडपट्ट्याच्या खोबळ्यात हात कोपरापर्यंत जखडला जातो, मनगट वळत नाही. त्यामुळे वार खांद्यातून आणि कमरेतून, गिरकी घेत होतो. फॉइल किंवा इपीचे टोक बोटांनी फिरते आणि शरीर एकाच बाजूने ताणलेले राहते. त्यामुळे जाणते प्रशिक्षक उलट्या बाजूने लंज, एका पायावरचे तोल, पोट-पाठीचे व्यायाम यांना सरावात कायमची जागा देतात.

संरक्षक पोशाखामागे एक दुःखद घटना आहे. १९८२ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत पाते तुटून मुखवट्याच्या जाळीतून आत गेले आणि सोव्हिएत विजेता व्लादिमिर स्मिर्नोव्ह याचा मृत्यू झाला. त्यानंतर मुखवटे, पाती आणि कापडाचे निकष कडक झाले. आता आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे जाकीट ८०० न्यूटन बलाला टिकणारे असावे लागते. जीव वाचवणारा हाच जाड पोशाख घाम सुकू देत नाही. मराठवाड्याच्या किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्याच्या उन्हाळ्यात सरावाची वेळ पहाटेची ठेवणे, लढतींच्या मधे मुखवटा काढणे, पाण्यासोबत मीठ-साखर घेणे आणि सरावाआधी-नंतर वजन करून पाहणे आवश्यक ठरते.

टोकियो ऑलिंपिकमध्ये २६ जुलै २०२१ रोजी तमिळनाडूची भवानी देवी सेबरमध्ये उतरली आणि या खेळात ऑलिंपिक गाठणारी पहिली भारतीय ठरली. पहिली लढत तिने १५-३ अशी जिंकली. दुसरीत फ्रान्सच्या मानों ब्रुने हिच्याकडून ७-१५ अशी हार पत्करली. दोन्ही लढती एकाच दिवशी झाल्या; दर लढतीआधी अंग पुन्हा गरम करण्याची गरज इथेही होती.

तलवारबाजी शालेय क्रीडा स्पर्धांत असल्याने पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील सुप्यासारख्या गावातील मुलांनाही जिल्हा, विभाग, राज्य असा मार्ग मोकळा आहे. ही मुले वाढीच्या वयात असतात आणि गुडघ्याखालची कोवळी हाडे अतिसरावाने दुखू लागतात. दुखणे अंगावर काढून लंज मारत राहू नये. विश्रांती घ्यावी आणि दुखणे टिकले तर डॉक्टरांना दाखवावे. त्या काळात बसून करायचा पात्याचा सराव चालू ठेवता येतो.