महाराष्ट्रातील बाल लैंगिक शोषण प्रतिबंध

महाराष्ट्रात अठरा वर्षांखालील मुलामुलींना लैंगिक शोषणापासून संरक्षण देण्याचे कार्य मुख्यत्वे ‘लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२’ या केंद्रीय कायद्यान्वये चालते. हा कायदा ‘पोक्सो’ या नावाने ओळखला जातो. गुन्ह्याची माहिती दडवून न ठेवता ती कळविणे, हे त्याचे महत्त्वाचे सूत्र आहे.

पार्श्वभूमी

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुले तीत सहभागी होती. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी एक वा अधिक प्रकारच्या लैंगिक शोषणाचा अनुभव सांगितला. शोषण करणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या व्यक्ती मुलांच्या ओळखीच्या वा विश्वासातील होत्या. बहुतेक मुलांनी याविषयी कोठेही वाच्यता केली नव्हती.

कायद्यातील तरतुदी

पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला. तो मुलगे व मुली दोघांनाही लागू आहे. गुन्हा घडल्याचे ठाऊक असणाऱ्या वा घडण्याची भीती वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळविणे कलम १९ नुसार बंधनकारक आहे. तसे न केल्यास सहा महिन्यांपर्यंत, तर संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा गुन्हा न कळविल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. मुलांना मात्र या शिक्षेतून वगळले आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी वा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवायचा असतो. मुलाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास मनाई आहे.

महत्त्वाचे निर्णय व घटना

शोषणासाठी त्वचेचा त्वचेशी स्पर्श आवश्यक असल्याचा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी रद्द ठरविला. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहातील मुलींच्या शोषणप्रकरणी माहिती न कळविल्याचा डॉक्टरवरील गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो आदेश फिरविला आणि माहिती दडविणे हा गंभीर अपराध असल्याचे म्हटले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत दोन बालिकांवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. माहिती न कळविल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनावरही गुन्हा नोंदविण्यात आला.

मदत यंत्रणा

मुलांसाठीची १०९८ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली. राज्य शासनाने २०२२ मध्ये शाळांत ‘सखी सावित्री’ समित्या स्थापण्याचे आदेश दिले. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात पौड पोलीस ठाणे पुणे ग्रामीण पोलिसांच्या, तर हिंजवडी पोलीस ठाणे पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाच्या अखत्यारीत येते. तथापि हद्दीचे कारण देऊन तक्रार नाकारता येत नाही. ती कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येते व पुढे संबंधित ठाण्याकडे वर्ग केली जाते.

हेही पहा

बालविवाह
बालकामगार
बाल न्याय अधिनियम