निर्जीव मानलेला तळ : ध्रुवीय सागरशोधाचा एक इतिहास



विज्ञानाचा इतिहास सांगताना आपण बहुधा शोधांचाच इतिहास सांगतो. अमक्या साली अमक्याने अमुक शोध लावला, अशी ती मालिका असते. परंतु हाती आलेला पुरावा ओळखता न आल्याचाही एक इतिहास असतो, आणि तो तितकाच बोधप्रद असतो. असे एक प्रकरण आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. ध्रुवीय समुद्राच्या खोल पाण्यात प्राणी राहतात, याची खूण दर्यावर्दी लोकांच्या हाती 1818 सालीच आली होती. त्यानंतर पंचवीस वर्षांनी खोल समुद्राचा तळ निर्जीव असल्याचे मत विद्वानांपुढे मांडले गेले, आणि ते बराच काळ मान्यही झाले. असे का घडले, हा माझ्या विवेचनाचा विषय आहे.

1818 साली ब्रिटिश नौदलाचे अधिकारी जॉन रॉस ‘इझाबेला’ आणि ‘अलेक्झांडर’ ही दोन जहाजे घेऊन अमेरिकेच्या उत्तरेकडून पॅसिफिककडे जाणारा जलमार्ग शोधावयास निघाले. बॅफिन उपसागरात खोली मोजण्यासाठी त्यांनी चिमट्यासारखे मिटणारे एक लोखंडी साधन जहाजावरच तयार करवून घेतले होते. 1 सप्टेंबर 1818 रोजी हे साधन सुमारे 1000 वाव खोल सोडण्यात आले. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांमधील अंतर, सुमारे सहा फूट. आपल्या किनाऱ्यावर पाण्याची खोली याच मापाने सांगत आले आहेत. साधन वर आले तेव्हा त्यात मऊ चिखल होता आणि चिखलात कृमी होते. शिवाय दोराला एक सुंदर तारामासा गुंतला होता. त्याच्या बाहूंना फांद्यांसारखे असंख्य फाटे फुटलेले होते. ग्रीक पुराणातील मेड्युसा या राक्षसीच्या सर्पकेशी मस्तकावरून अशा प्राण्यास नाव मिळाले आहे.

या घटनेचे महत्त्व तेव्हा कोणाच्या ध्यानी आले नाही, आणि त्यात रॉस यांच्या दुर्दैवाचाही वाटा असावा. आदल्याच दिवशी, 31 ऑगस्टला, लँकेस्टर साउंड या सामुद्रधुनीच्या तोंडाशी त्यांना समोर पर्वतरांग दिसली होती. तिला ‘क्रोकर पर्वत’ असे नाव देऊन ते मागे फिरले. दुसऱ्याच वर्षी एडवर्ड पॅरी त्याच जागेतून जहाज हाकीत पलीकडे गेले. तेथे पर्वत नव्हताच. तो दृष्टिभ्रम होता. नसलेला पर्वत पाहिलेल्या माणसाने असलेला तारामासा दाखविला, तरी त्याच्या शब्दाला कितीसे वजन राहणार? दोर तिरका गेल्यास खोली वाजवीपेक्षा अधिक भरते, ही शंकाही पुढे घेतली गेली, आणि ती निराधार नव्हती.

या मोहिमेत रॉस यांचे पुतणे जेम्स क्लार्क रॉस तरुण वयात सहभागी झाले होते. पुढे 1839 ते 1843 या काळात ‘इरेबस’ आणि ‘टेरर’ या जहाजांची दक्षिण ध्रुवाकडील मोहीम त्यांच्याच नेतृत्वाखाली गेली. जानेवारी 1841 मध्ये व्हिक्टोरिया लँडच्या किनाऱ्याजवळ सुमारे 270 वाव खोलीवर लोखंडी चौकटीचे, तळ खरवडणारे जाळे टाकण्यात आले, आणि ते प्रवाळ व इतर प्राण्यांनी भरून वर आले. त्यांतील काही प्राणी आपण उत्तर ध्रुवाकडेही पाहिले आहेत, असे रॉस यांना वाटले. मोहिमेत 400 वावांपर्यंत जाळे टाकले गेले. कितीही खोलीवरून चिखल आणि दगड वर आणले तरी त्यांत सजीव सापडतील, असे अनुमान त्यांनी 1847 साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात नोंदविले. परंतु त्यांनी जमविलेल्या या सागरी प्राण्यांपैकी बहुतेकांचे शास्त्रोक्त वर्णन प्रसिद्धच झाले नाही. पुरावा पेटीत राहिला आणि अनुमान प्रवासवर्णनात राहिले.

याच सुमारास एडवर्ड फोर्ब्स हे तरुण निसर्गशास्त्रज्ञ ‘बीकन’ जहाजावरून ग्रीसजवळच्या एजियन समुद्रात संशोधन करीत होते. जसजसे खोल जावे तसतशी प्राण्यांची संख्या आणि जातींची विविधता घटत जाते, असे त्यांना आढळले. हीच रेषा पुढे वाढवून सुमारे 300 वावांच्या खाली जीवसृष्टी शून्यावर येत असावी, असा अंदाज त्यांनी 1843 साली मांडला. फोर्ब्स हे निष्काळजी संशोधक नव्हते. त्यांची निरीक्षणे खरी होती, परंतु एजियन समुद्र अन्नाच्या दृष्टीने मुळातच दरिद्री आहे. एका दरिद्री घराची शिधापेटी पाहून साऱ्या गावाच्या उपासमारीचा निष्कर्ष काढावा, तसे हे झाले. फोर्ब्स 1854 साली अकाली वारले. त्यांनी अंदाज म्हणून सांगितलेले इतरांनी सिद्धान्त म्हणून स्वीकारले, कारण ते पटण्यासारखे होते. जेथे प्रकाश नाही, थंडी गोठविणारी आणि पाण्याचा दाब प्रचंड, तेथे कोण जगणार?

या मताला पुढे धक्के बसू लागले ते प्रामुख्याने उत्तरेकडूनच. नॉर्वेत मिकाएल सार्स आणि त्यांचे पुत्र जॉर्ज ओसियन सार्स यांनी आर्क्टिक वृत्ताच्या आतील लोफोटेन बेटांजवळ 300 वाव खोलीवरून अनेक प्राणी मिळविले. त्यांत देठावर उभा राहणारा एक समुद्रकमळासारखा प्राणी होता. त्याचे आप्त तोवर मुख्यतः जीवाश्मांवरूनच परिचित होते. 1860 साली तारायंत्राच्या तारेसाठी उत्तर अटलांटिकचा मार्ग पाहणाऱ्या ‘बुलडॉग’ जहाजावर जॉर्ज चार्ल्स वॉलिच हे निसर्गशास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म कलकत्त्याचा आणि त्यांची पूर्वीची नोकरी हिंदुस्थानातील लष्करी वैद्यकसेवेतली. ग्रीनलंडच्या आग्नेयेस 1260 वाव खोल गेलेल्या दोराला 13 तारामासे बिलगून वर आले. हे प्राणी वाटेत मधल्या पाण्यात चिकटले असतील, असा आक्षेप निघाला. वॉलिच यांनी त्यांच्या पोटात तळच्या गाळातील सूक्ष्म जीवांची कवचे दाखविली, तरीही शंका मिटल्या नाहीत. अखेर 1872 ते 1876 या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगाच्या सागरांचा तळ पद्धतशीर तपासला. 16 फेब्रुवारी 1874 रोजी त्याने दक्षिणेचे ध्रुववृत्त ओलांडले, आणि तेथील बर्फाळ पाण्यात दीड हजार वावांहून अधिक खोलीवरूनही प्राणी वर आले. या प्रवासात मिळालेल्या सुमारे 4,700 नव्या जातींपुढे निर्जीव तळाचे मत टिकणे शक्य नव्हते.

येथे एक प्रश्न साहजिकच उद्भवतो. हे पुरावे वारंवार ध्रुवांकडूनच का आले? त्याचे उत्तर समुद्राच्या रचनेत आहे. उष्ण प्रदेशात वरचे पाणी कोमट आणि तळाचे थंड असते. त्यामुळे दोन्हींतील प्राणी वेगळे राहतात. ध्रुवांजवळ वरपासून तळापर्यंत पाणी जवळजवळ सारखेच थंड असते, म्हणून खोल पाण्याला सरावलेले प्राणी तेथे तुलनेने उथळ जागीही वस्ती करू शकतात. आखूड दोर असलेल्या खलाशालाही ते सापडू शकले, ते यामुळे. शिवाय ध्रुवीय उन्हाळ्यात पृष्ठभागावर सूक्ष्म वनस्पतींना बहर येतो, आणि त्यांचे अवशेष बर्फाच्या भुरभुरीसारखे तळाकडे झरत राहतात. तळच्या वस्तीचे अन्न मुख्यतः हेच. अंटार्क्टिकाभोवती गारठलेले जड, क्षारयुक्त पाणी बुडते आणि प्राणवायू घेऊन तळातळाने इतर महासागरांकडे सरकते. हिंदी महासागराच्या तळालाही ते पोचते. ज्या थंडीला विद्वान जीवनाची शत्रू समजत होते, तीच खोल समुद्राला श्वास पुरवीत होती. दाबाचेही तसेच. या प्राण्यांच्या शरीरात हवेच्या पोकळ्या नसतात. आत आणि बाहेर दाब सारखाच असल्याने ते चिरडले जात नाहीत.

तळ निर्जीव नाही हे कळल्यानंतरही, तो किती समृद्ध आहे याची कल्पना अलीकडेच येऊ लागली. 2002 ते 2005 या काळात वेडेल समुद्र व आसपासच्या खोल भागात झालेल्या मोहिमांत आयसोपॉड या छोट्या कवचधारी प्राण्यांच्या 674 जाती मिळाल्या. त्यांपैकी 585 विज्ञानाला अज्ञात होत्या. फेब्रुवारी 2021 मध्ये ‘पोलारस्टर्न’ या जर्मन जहाजाच्या कॅमेऱ्याने वेडेल समुद्राच्या तळाशी एका हिममत्स्याच्या घरट्यांची वसाहत टिपली. सुमारे 240 चौरस किलोमीटरांत अंदाजे सहा कोटी घरटी असावीत, असा हिशेब पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला.

त्याच 2021 साली आणखी एक वृत्त आले. फिल्शनर-रोन या हिमपटलाला सुमारे 900 मीटर खोल भोक पाडून भूशास्त्रज्ञ तळचा गाळ काढू पाहत होते. ती जागा खुल्या समुद्रापासून 260 किलोमीटर आत होती. गाळाऐवजी त्यांचे उपकरण एका दगडावर आदळले. त्यांच्या दृष्टीने तो दिवस फुकट गेला. पण कॅमेऱ्याच्या चित्रात त्या दगडाला चिकटलेले स्पंज आणि इतर स्थिर प्राणी दिसले. अन्नाच्या उगमापासून इतक्या दूर असे प्राणी असतील, अशी अपेक्षा नव्हती. रॉस यांचा चिमटा आणि हे उपकरण यांत दोन शतकांचे अंतर आहे, पण दोघांनाही जे मिळाले ते न शोधताच मिळाले.

हा इतिहास आपल्याला परका नाही. 6 डिसेंबर 1981 रोजी भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली आपल्या गोव्याहूनच निघाली होती. ती ज्या दक्षिणेकडे गेली, तिकडूनच आपल्या महासागराच्या तळाचे थंड पाणी येते.

या कथेतून काय घ्यावे? ‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले निरीक्षकाविषयी बोलते, दुसरे जगाविषयी. फोर्ब्स यांचे अनुयायी पहिल्यावरून दुसऱ्यावर गेले आणि विज्ञानाची काही दशके त्यात गेली. आज ही चूक अधिक महाग पडेल. 2024 साली नॉर्वेच्या संसदेने आपल्या उत्तरेकडील खोल समुद्रात खनिजांच्या शोधासाठी मार्ग मोकळा केला. त्याच वर्षाच्या अखेरीस परवान्यांची पहिली फेरी पुढे ढकलली गेली. जी जागा रिकामी मानली जाते, ती खणताना कोणाला विचारावे लागत नाही. म्हणून ‘तेथे कोणी राहत नाही’ असे म्हणण्यापूर्वी, आपण तेथे दोर किती वेळा सोडला आणि वर आलेला चिखल नीट पाहिला का, हे विद्यार्थी मित्रांनी स्वतःला विचारावे. समोर मांडलेल्या गोष्टीकडे नीट पाहावयास शिकविणाऱ्या गुरुजनांच्या स्मृतीस याहून उचित वंदन मला सुचत नाही.